उभा व्हॅक्युम क्लिनर घेताना आधी घरातली फरशी बघा

दिवाळी जवळ आली की बेळगाव, निपाणीहून कोल्हापूरला खरेदीला जाणाऱ्यांच्या यादीत आता उभा व्हॅक्युम क्लिनरही असतो. वाकायला नको, फरशी, जिना, सोफा, गादी सगळं एकाच मशीनमध्ये, असं दुकानदार सांगतो. किंमत पाच-सहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांच्याही पुढे. तेव्हा पैसे मोजण्याआधी काही गोष्टी बघितलेल्या बऱ्या.

मुळात हे यंत्र अमेरिकेतलं. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हा सफाईचं काम करायचा आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला दम्याचा त्रास व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून मशीन बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाच्या कारखान्याकडे गेलं. तिकडे घरभर गालिचे, म्हणून खाली फिरणारा कडक ब्रश. आपल्याकडे शहाबादी, मोझॅक नाहीतर गुळगुळीत टाईल्स. अशा फरशीवर कडक ब्रश तांदळाचे दाणे, शेंगांची टरफलं ओढून घेण्याऐवजी पुढे उडवतो. त्यामुळे मऊ कापडी रोलर मिळतो का, निदान ब्रश बंद करता येतो का, हे पहिलं विचारा.

दुसरा घोळ वॉटचा. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं ते, किती ओढतं ते नव्हे. युरोपात २०१७ पासून घरगुती व्हॅक्युम क्लिनरला ९०० वॉटची मर्यादा आहे, तरी तिथली घरं स्वच्छच असतात. विजेचं म्हणाल तर ६०० वॉटचं मशीन रोज पंधरा मिनिटं चालवलं तरी महिन्याला साडेचार युनिट. खरा खर्च पुढे असतो, बॅटरी आणि फिल्टरचा.

बिनवायरच्या मॉडेलवर चाळीस मिनिटं लिहिलेलं असतं ते सगळ्यात कमी वेगावर. फुल स्पीडला बरीच मॉडेल दहा-बारा मिनिटांत मान टाकतात. वन बीएचकेला ठीक, पण माडीच्या घराला पुरणार नाही. लिथियम बॅटरी काही वर्षांनी उतरतेच, म्हणून ती काढून बदलता येते का आणि नवी कितीला पडते, हे आधीच विचारून घ्या. मोठं घर आणि हाताशी प्लग असेल तर वायरवालं मॉडेल स्वस्त पडतं.

मोटर कुठे आहे तेही बघा. मोटर वर मुठीजवळ असेल तर मशीन दिवाणाखाली सहज जातं, पण मनगट भरून येतं. खाली असेल तर वजन फरशीवर पडतं, वयस्कर माणसांना ते सोयीचं. मात्र दिवाणाखाली शिरत नाही. दुकानात दोन मिनिटं हातात धरून फिरवून बघा. लाजायचं कशाला? जळमटं आणि पंख्यासाठी वरचा भाग सुटा होणारं मॉडेल हवं.

घरात दम्याचा पेशंट असेल तर हेपा फिल्टर घ्या. एच-१३ दर्जाचा फिल्टर अगदी बारीक कणही ९९.९५ टक्के अडवतो. पण नुसता फिल्टर चांगला असून चालत नाही, सांध्यांतून हवा गळत असेल तर धूळ पुन्हा घरातच. धुता येणारा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि आपल्या पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. एक जादा फिल्टर घेऊन ठेवा. रांगोळी, पीठ, सिमेंटची धूळ यांनी फिल्टर लगेच चोंदतो. ते आधी झाडूने काढा. कोरड्या मशीनने पाणी ओढलं तर मोटर जळते, शॉकही लागू शकतो. रोलरला गुंडाळलेले केस आठवड्याला कात्रीने कापावेत.

आता आपल्या सीमाभागाचा प्रश्न. खरेदी कोल्हापुरात, राहायला बेळगावात, मग मशीन बिघडल्यावर जायचं कुठे? कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, मेकॅनिक घरी येतो की मशीन घेऊन जावं लागतं, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाईनला विचारा. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर घालून घ्या. तरीही दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या मशीनची तक्रार बेळगावातही चालते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर फोन करून बघायला हरकत नाही.