घरी मांस वाळवताना काय मोजायचं? चाण्या, सलामी आणि ब्लूटूथ सेन्सर

रील्समध्ये छताला टांगलेली सलामी दिसते, तिचे पातळ काप होतात आणि ते न शिजवता खाल्ले जातात. हे बघून रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत काम करणारे माझे मित्र विचारतात, "आपल्याकडे ऊन एवढं कडक आहे, मग हे घरी का नाही होणार?" मी सॉफ्टवेअरवाला आहे, स्वयंपाकी नाही. पण हा प्रश्न मोजमापाचा आहे, त्यामुळे आकड्यांसकट उत्तर देतो.

थोडक्यात उत्तर:

- शिरूर-दौंडच्या हवेत सलामी उघड्यावर सुरक्षित होत नाही. तिला ऊन लागत नाही, थंड आणि दमट हवा लागते.
- आपल्या हवेला जमणारा प्रकार आपल्याकडे आधीपासून आहे: चाण्या, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या.
- मांस वाळलंय हे डोळ्याला दिसतं. सुरक्षित झालंय का, हे मोजावं लागतं. त्यासाठी वजनकाटा, थर्मामीटर आणि फोनला जोडणारा छोटा आर्द्रता सेन्सर लागतो.

चाण्या म्हणजे काय?

मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि नंतर गरजेप्रमाणे भाजून किंवा रस्सा करून खायच्या, ही पद्धत मराठवाड्यातल्या दलित घरांत पिढ्यान् पिढ्या होती. फ्रीज नव्हता आणि एका जनावराचं मांस एका दिवसात संपणारं नसायचं. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात या खाद्यपरंपरेची सविस्तर नोंद आहे. एक कायदेशीर गोष्टही लक्षात ठेवा: मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे या लेखात चाण्या म्हणजे बोकडाच्या मटणाच्या.

चाण्यांमध्ये तीन गोष्टी बरोबर आहेत. पट्टी पातळ असते, वाळणं पटकन होतं आणि खाण्याआधी मांस शिजतं. गोव्याची चोरिसही अशीच. तिच्यात डुकराचं मांस, मीठ, मिरची आणि माडाचा व्हिनेगर असतो, आणि तीही शिजवूनच खातात. सलामीत मात्र शेवटची पायरी, म्हणजे शिजवणं, नसतेच. म्हणून तिच्यात चुकीला जागा फार कमी.

मांस खराब का होतं?

जिवाणूंना वाढायला पाणी लागतं, पण मोकळं पाणी. मिठाने धरून ठेवलेलं पाणी त्यांना वापरता येत नाही. या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १.००, ताज्या मांसाची साधारण ०.९९. पुढचे आकडे महत्त्वाचे:

- ०.९३ च्या खाली: बोट्युलिझमचे जिवाणू वाढत नाहीत.
- ०.९१ च्या खाली: मांस नासवणारे बहुतेक जिवाणू थांबतात.
- ०.८५ च्या खाली: स्टॅफिलोकोकस थांबतो. हा माणसाच्या हातावर आणि नाकात असतो आणि त्याला मीठ चालतं.
- ०.७० च्या खाली: बहुतेक बुरशीही थांबते.
- ०.६० च्या खाली: काहीच वाढत नाही.

बोट्युलिझम हे नावच लॅटिनमधल्या 'सॉसेज' या शब्दावरून आलंय. जर्मनीत युस्टिनस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या दशकात सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचं तपशीलवार वर्णन केलं. हे विष तयार झालं तरी मांसाला घाण वास येईलच असं नाही. म्हणून 'वास घेऊन बघतो' ही टेस्ट इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. स्टॅफिलोकोकसचं विष उकळूनही जात नाही. म्हणजे दोन दिवस कोमट हवेत रेंगाळलेलं मांस नंतर कितीही कडक वाळवलं किंवा शिजवलं, तरी ते सुरक्षित होत नाही. आम्ही ज्याला रेस कंडिशन म्हणतो तसंच हे आहे. आधी पाणी संपलं पाहिजे, जिवाणूंना वेळ मिळाला की खेळ संपला.

सलामीला आपली हवा का चालत नाही?

अखंड मांसात जिवाणू मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर असतात. सलामीसाठी खिमा करताना वरचे जिवाणू आतपर्यंत मिसळले जातात. मग तो खिमा आवरणात दाबून भरला की आत हवा उरत नाही, आणि बोट्युलिझमच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून सलामी आधी आंबवतात आणि मग साधारण १२ ते १५ अंश सेल्सियस आणि ७५ ते ८० टक्के आर्द्रतेत काही आठवडे हळूहळू वाळवतात. शिरूर आणि दौंड पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत सलामीचं बाहेरचं आवरण कडक होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. बाहेरून दगड, आत ओला खिमा. डिसेंबरमध्ये रात्री थंड असतात, पण दुपारी ऊन चढतंच. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता मिळते, पण गारवा नाही.

पातळ पट्टीत हा प्रश्न येत नाही, कारण आतल्या पाण्याला बाहेर यायला दोन-अडीच मिलिमीटरच अंतर कापायचं असतं.

चाण्या सुरक्षितपणे कशा करायच्या?

जुन्या पद्धतीत मी एकच बदल सुचवतो: वाळवण्याआधी वाफवणं.

१. बिनहाडाचं मटण घ्या आणि दिसेल तेवढी चरबी काढा. चरबी वाळत नाही, खवट होते.

२. मटण फ्रीजरमध्ये तासभर ठेवून जरा कडक करा आणि ४ ते ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा. सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या हव्यात.

३. एक किलोला ३० ग्रॅम मीठ आणि थोडी हळद चोळा. चमच्याने अंदाज नको, काट्यावर मोजा. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, ४ अंशांच्या खाली.

४. पट्ट्या वाफवा. सर्वात जाड तुकड्यात आतलं तापमान ७१ अंश झालं पाहिजे. पट्टी पातळ असल्याने थर्मामीटरची सुई आडवी घाला.

५. यानंतर हात लावू नका, स्वच्छ चिमटा वापरा. शिजलेल्या, खारट मांसावर स्टॅफिलोकोकसला स्पर्धाच उरत नाही.

६. ५५ ते ६० अंशांवर, पंख्याच्या हवेत वाळवा. फूड ड्रायर सर्वात सोपा. साधारण ६ ते १० तास लागतात. ओटीजी वापरणार असाल तर त्याचं किमान तापमान बघा. ते १०० अंशांपासून सुरू होत असेल तर मांस वाळणार नाही, भाजलं जाईल.

७. उन्हातच करायचं असेल तर फक्त एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसात. सकाळी लवकर सुरू करा, माशा बसणार नाहीत अशी बारीक जाळी लावा आणि त्याच दिवशी वाळवण पूर्ण करा. रात्रभर गच्चीवर ठेवू नका. आभाळ आलं किंवा संध्याकाळी पट्टी वाकवल्यावर मऊ लागली, तर तो घाणा वाळवण म्हणून ठेवू नका.

वजनाचं गणित

चरबी काढलेल्या एक किलो मटणात साधारण ७५० ग्रॅम पाणी आणि २५० ग्रॅम बाकीचा भाग असतो. त्यात ३० ग्रॅम मीठ आलं की पाणी सोडून २८० ग्रॅम. वाळल्यावर वजन ३५० ग्रॅम भरलं तर आत ७० ग्रॅमच पाणी उरलं. ७० ग्रॅम पाण्यात साधारण २५ ग्रॅमच मीठ विरघळू शकतं, म्हणजे आतलं पाणी मिठाने पूर्ण भरलेलं आहे. अशा द्रावणाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.७५ असते. वाफवताना थोडा रस आणि मीठ जातं, म्हणून हा आकडा अंदाजाचा. लक्ष्य म्हणून मात्र सोपं आहे: एक किलोचे ३५० ग्रॅम किंवा कमी.

बरणीतला सेन्सर

बंद बरणीत मांस ठेवलं की काही तासांनी बरणीतल्या हवेची आर्द्रता मांसाच्या वॉटर ॲक्टिव्हिटीशी जुळते. हवेत ७० टक्के म्हणजे मांसात ०.७०. त्यामुळे घरची तपासणी साध्या ब्लूटूथ आर्द्रता सेन्सरवर होते. काचेचीच बरणी घ्या, स्टीलचा डबा सिग्नल अडवतो.

आधी सेन्सर तपासा, कारण स्वस्त सेन्सर दोन-पाच टक्के सहज चुकतात. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. टोपण आणि सेन्सर बरणीत बंद करून १२ तास ठेवा. ॲपमध्ये ७५ टक्के दिसलं पाहिजे. ७८ दिसलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ३ वजा करा.

मग मांसाची टेस्ट:

- सर्वात जाड पट्ट्यांमधून नमुना घ्या आणि बारीक तुकडे करून छोटी बरणी अर्धी भरा. बाकीचा माल तोवर फ्रीजमध्ये.
- सेन्सर मांसाला चिकटू देऊ नका, मध्ये जाळीचा तुकडा ठेवा.
- आकडा तासभर हलला नाही की वाचा. साधारण ८ ते १२ तास लागतात.
- ७० किंवा कमी: हवाबंद बरणीत, कोरड्या जागी ठेवता येईल.
- ७० ते ८५: बुरशी येऊ शकते. अजून वाळवा किंवा फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा.
- ८५ च्या वर: नमुना टाकून द्या. फ्रीजमधला माल लगेच शिजवून खा, साठवू नका.

अर्धवट वाळलेलं मांस तेलात बुडवून किंवा व्हॅक्यूम पॅक करून ठेवू नका. पाणी आहे आणि हवा नाही, ही बोट्युलिझमची आवडती जागा. आणि चांगल्या वाळलेल्या चाण्याही खाण्याआधी शिजवाच.

तरीही सलामी करायचीच असेल तर?

तापमान आणि आर्द्रता दोन्ही नियंत्रित करणारा वेगळा फ्रीज लागेल. गावाकडे वीज किती तास जाते ते आठवा आणि इन्व्हर्टरचा खर्च धरा. त्याशिवाय:

- क्युरिंग सॉल्ट: कित्येक आठवडे वाळणाऱ्या सलामीसाठी 'क्युअर नंबर २' वापरतात. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट आणि ४ टक्के नायट्रेट असतं. प्रमाण किलोला २.५ ग्रॅम, त्यातून सुमारे १५६ मिलिग्रॅम नायट्राइट जातं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. शुद्ध नायट्राइट घरात आणू नका. ते जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता जाते आणि जीव जाऊ शकतो.
- गुलाबी रंगाला फसू नका: क्युरिंग सॉल्ट ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवतात. किराणा दुकानातलं गुलाबी सैंधव हे साधं मीठ आहे, त्यात नायट्राइट नसतं. उलट क्युरिंग सॉल्ट सैंधव समजून भाजीत पडलं तर विषबाधा होईल. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.
- पीएच: आंबवताना तो ५.३ पर्यंत उतरला पाहिजे. २४ अंशांवर मुदत साधारण ८० तास, ३० अंशांवर सुमारे ४६ तास. मुदतीत उतरला नाही तर अख्खा घाणा फेकायचा. विरजण म्हणून दही चालत नाही, सलामीसाठीचं तयार कल्चर लागतं.
- डुकराचं मांस: कृमींसाठी उणे १५ अंशांवर २० दिवस गोठवतात. याने जिवाणू मरत नाहीत.
- वजन: ३५ ते ४० टक्के घटल्याशिवाय कापायची नाही.

यातली एकही गोष्ट जमत नसेल तर सलामी विकत आणा. मी तेच करतो.

फोन काय सांगू शकत नाही?

सेन्सर आत्ताचं पाणी सांगतो, आधी तयार झालेलं विष नाही. म्हणून प्रत्येक घाण्याची नोंद फोनमध्ये ठेवा: मांस कधी आणलं, कधी वाफवलं, वाळवण कधी सुरू केलं, कधी संपलं, वजन किती. वेळेची नोंद नसेल तर सेन्सरवरच्या ६८ ला अर्थ नाही. आणि ही घरची तपासणी घरच्यासाठीच आहे. विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो.

असं मांस खाल्ल्यावर काही तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकसच्या विषाची शक्यता असते. एकाऐवजी दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलायला किंवा गिळायला त्रास, हातापायातली ताकद जाणं ही बोट्युलिझमची लक्षणं आहेत. ती बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही. अशा वेळी गुगल करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि काय खाल्लं ते सांगा. उरलेलं मांस पिशवीत बांधून सोबत न्या.