लाल बावट्याविना आलेले जहाज

श्रोतेहो, १४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते रास्तच आहे. पण देशभरातील अग्निशमन दले त्याच दिवशी आपल्या मृत जवानांना मानवंदना देतात. ती त्याच दिवशी का, हे शाळेत क्वचितच कुणी सांगतं. गुरुजींनो, त्यासाठी १९४४ सालच्या मुंबईच्या गोदीत जायला हवं.

दुसरे महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टायकीन’ नावाचे सात हजार टनी जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, लाकूड असे भरले गेले. आता वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला कापसाची गाठ काय सांगायची? दाबलेल्या गाठीत एकदा विस्तव शिरला की वरून कितीही पाणी ओता, आत तो धुमसतच राहतो. अशा गाठी खाली, आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा! कप्तान नाइस्मिथ यांना हे मुळीच पसंत नव्हते. पण युद्धात जहाजे थोडी आणि माल फार. त्यांचे म्हणणे मागे पडले.

नियम नव्हते असं मात्र समजू नका बरं का. शांततेच्या काळात स्फोटकांच्या जहाजाने गोदीत शिरायचे नाही, बाहेर पाण्यात नांगर टाकून माल पडावांतून उतरवायचा, लाल बावटा लावायचा, अशी रीत होती. युद्धाच्या घाईत ती सैल झाली. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत थेट धक्क्याला लागले, तेही लाल बावट्याविना. शेजारी इतर जहाजे, पलीकडे वखारी, त्यापलीकडे माणसांची दाट वस्ती.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणातून धूर येऊ लागला. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले. धुरामुळे आगीचे मूळ दिसेना, आणि आतले पाणीच उकळू लागले. जहाज बाहेर ओढून न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. त्याचा हादरा दूर सिमल्याच्या यंत्रांवर नोंदला गेला! मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, आणि खुद्द कप्तानही. सोन्याची एक वीट कुठल्या कुठे एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. त्यांनी ती परत केली.

नभोवाणीच्या पुस्तिकेत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ही बातमी दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने. आपल्याकडे सरकारने ती मे महिन्यापर्यंत दाबून धरली.

मुंबईत दारूगोळा तरी होता. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ नावाचे जहाज उडाले, आणि त्यात होते साधे खत, अमोनियम नायट्रेट! पोत्यांवर धोक्याची खूण नव्हती. आग लागल्यावर माल भिजू नये म्हणून झाकणे लावून आत वाफ सोडली. साधी आग अशाने गुदमरते. पण हे द्रव्य जळणाला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्याला बाहेरच्या हवेची गरज नाही. ५०० हून अधिक माणसे गेली.

म्हणून १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या, आणि १९६५ साली समुद्रवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता आली. अशा मालाचे नऊ वर्ग पाडले. माल पाठवणाऱ्याने तो काय आहे हे सहीनिशी लिहून द्यायचे, पिंपावर चौकटीच्या पत्त्यासारखे रंगीत चित्र लावायचे, आणि एकमेकांना पेटवणारे पदार्थ जहाजावर दूर दूर ठेवायचे. मी म्हणेन, यातली सही सर्वांत मोलाची. बंबवाला धुरात शिरतो तेव्हा त्याला ती नावनिशीच वाट दाखवते. पण बहुतेक देशांवर ही संहिता बंधनकारक झाली ती २००४ साली. आणि जहाजावरून उतरलेला माल बंदरात नीट ठेवला नाही तर काय होते, ते ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतमध्ये दिसले. वखारीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन तेच अमोनियम नायट्रेट, आणि २०० हून अधिक मृत्यू.

आपल्या रस्त्यांवरच्या टँकरवरही याच पद्धतीची पाटी असते. चार आकडी क्रमांक पाहा, आणि पोरांनाही ओळखायला लावा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १८३० म्हणजे गंधकाम्ल. आणि आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या रांगेत ओल्या कापसालाही त्याचा क्रमांक मिळाला आहे, १३६५.