इलेक्ट्रॉनिक संगीत, जर्मन : लयविचार

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत, प्रामुख्याने कोलोन, ड्युसेलडॉर्फ व पश्चिम बर्लिन या शहरांत, इलेक्ट्रॉनिक साधनांनी संगीतनिर्मितीचे जे प्रयोग झाले, त्यांतील कालविभाजन, गती व आघात यांच्या मांडणीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या प्रयोगांचे दोन कालखंड पडतात. १९५० नंतरच्या पहिल्या कालखंडात नियमित ठोका कटाक्षाने टाळण्यात आला, तर १९७० नंतरच्या दुसऱ्या कालखंडात त्याच ठोक्याला सर्वस्व मानण्यात आले. दोन्ही टोकांच्या या भूमिका परस्परविरोधी दिसत असल्या, तरी दुसऱ्या पिढीतील काही प्रमुख वादक पहिल्या पिढीचेच विद्यार्थी होते. शिवाय पहिल्या पिढीच्या लयविचारामागील एक सूत्र थेट यादवकालीन देवगिरीपर्यंत मागे जाते, ही बाब मराठी वाचकास विशेष लक्षणीय वाटेल.

कोलोन येथील नभोवाणी केंद्रात इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा स्थापन करण्याचा निर्णय १९५१ मध्ये झाला. हर्बर्ट आयमर्ट (१८९७–१९७२) हा संगीतकार व रॉबर्ट बायर हा ध्वनितज्ज्ञ हे तिचे प्रवर्तक होत. बॉन विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ व्हेर्नर मायर-एप्लर (१९१३–६०) याचे तिला शास्त्रीय मार्गदर्शन लाभले. कार्यशाळेत आंदोलक, स्पंदजनक, ध्वनिगाळण्या व चुंबकीय फितीची ध्वनिमुद्रण-यंत्रे ही मुख्य सामग्री होती. वादक नाही, म्हणून वादकाच्या हाताची लयही नाही. येथे कालाचे मोजमाप फितीच्या लांबीवर होई. सेकंदाला ७६·२ सेंमी. या वेगाने फीत फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या स्वरासाठी ३८·१ सेंमी. लांबीचा तुकडा कापून जोडावयाचा. कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन (१९२८–२००७) याच्या ‘स्टुडी २’ (१९५४) या रचनेच्या प्रसिद्ध झालेल्या स्वरलेखनात कालमान सेंटिमीटरांतच दिलेले आहे. मात्रा मोजपट्टीने मोजण्याचा असा प्रकार संगीताच्या इतिहासात पूर्वी क्वचितच घडला असेल.

श्टोकहाउझेन हा १९५२ च्या आरंभी पॅरिसला गेला व तेथे ऑलीव्ह्ये मेस्यां (१९०८–९२) या फ्रेंच संगीतकाराच्या वर्गात बसू लागला. मेस्यांच्या लयविचाराचा एक प्रमुख आधार भारतीय होता. देवगिरीच्या यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकर या ग्रंथाच्या तालाध्यायात १२० देशी ताल नोंदविले आहेत. त्यांची पाश्चात्त्य स्वरलिपीतील यादी झोआनी ग्रोसे या फ्रेंच अभ्यासकाने भारतीय संगीतावरील आपल्या लेखात दिली. लाव्हिन्याकच्या संगीत-विश्वकोशात १९१३ मध्ये आलेला हा लेख मेस्यांच्या हाती पडला आणि त्याने या तालांची सूत्रे आयुष्यभर वापरली. त्याच्या ‘तुरांगालीला’ (१९४६–४८) या सिंफनीचे नावही तुरंगलील या देशी तालावरून आले आहे.

मेस्यांपर्यंत पोहोचले ते तालाचे केवळ अंकगणित होते, हे येथे नमूद केले पाहिजे. द्रुत, लघू, गुरू व प्लुत यांची मापे आली, परंतु हाताच्या सशब्द व निःशब्द क्रिया, आवर्तन आणि गायनाशी असलेले तालाचे नाते मागेच राहिले. मात्र याच अपुरेपणातून एक नवी कल्पना फलद्रूप झाली. समान ठोक्यांचे विभाजन करून लय सिद्ध होते, ही युरोपीय समजूत या तालांनी ढिली केली. लहानमोठे कालखंड एकापुढे एक जोडूनही लय बांधता येते, हे मेस्यांच्या विद्यार्थ्यांना पटले. फितीचे तुकडे जोडणाऱ्या कार्यशाळेला ही कल्पना अनुकूलच होती. शार्ङ्गदेवाच्या तालांचा कोलोनवर थेट प्रभाव पडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु मेस्यांच्या वर्गातून गेलेली ही वाट नाकारताही येत नाही.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काळाच्या गतीविषयीच्या आपल्या दीर्घ निबंधात श्टोकहाउझेनने लय व स्वर ही एकाच तत्त्वाची दोन रूपे असल्याचे प्रतिपादन केले. सेकंदाला दोन किंवा चार टिचक्या पडत असतील, तर कानाला त्या सुट्या ऐकू येतात व त्यांची लय भासते. तोच वेग वाढवीत सेकंदाला सु. १६ ते २० च्या पलीकडे नेला, की सुटेपणा नाहीसा होऊन एक खर्ज स्वर ऐकू येऊ लागतो. वेग दुप्पट केला, की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणजे लय जलद झाली, की स्वर होतो व स्वर मंद झाला, की लय होते. ‘कोंटाक्टे’ (१९५८–६०) या रचनेत, सु. १७ व्या मिनिटानंतर, याचे प्रात्यक्षिकच ऐकावयास मिळते. एक उंच स्वर वळणे घेत खाली घसरतो, त्याचे हळूहळू सुटे ठोके होतात आणि ते ठोके लांबत पुन्हा नाद धारण करतात. सिद्धांत म्हणून हा विचार काहीसा एकांगी आहे. कारण लय ऐकताना श्रोता पुढील आघाताची वाट पाहतो, स्वर ऐकताना तशी वाट पाहत नाही. श्रवणाचा अनुभव म्हणून मात्र तो उतारा अद्वितीय आहे.

श्टोकहाउझेनकडे शिकलेल्या होल्गर चुकाय (१९३८–२०१७) व इर्मिन श्मिट (जन्म १९३७) यांनी १९६८ मध्ये कोलोन येथे ‘कॅन’ हा वाद्यवृंद स्थापन केला. त्याचा तालवादक याकी लीबेट्साइट (१९३८–२०१७) हा मुक्त जॅझमधून आला होता. एका अनोळखी श्रोत्याने त्याला एकसुरी वाजवण्याचा सल्ला दिला व तो त्याने मनावर घेतला, अशी आख्यायिका आहे. ‘टागो मागो’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील ‘हालेलुव्हा’ ही सु. १८ मिनिटांची रचना त्याच्या एकाच बोलसमूहावर उभी आहे. तो बोलसमूह पुनःपुन्हा येतो, पण प्रत्येक फेरीत त्याचे वजन किंचित बदलते. तबल्याच्या ठेक्याशी परिचित असलेल्या कानाला जर्मन वादकांपैकी लीबेट्साइट हा सर्वांत जवळचा वाटतो, तो यामुळेच.

ड्युसेलडॉर्फच्या ‘नॉय’ या जोडीतील क्लाउस डिंगर (१९४६–२००८) याची लय निराळी आहे. चार मात्रांचा सरळ ठोका, त्यात न तोडा, न उठाण. ‘हालोगालो’ (१९७२) ही रचना सु. १० मिनिटे अशीच चालते. या ठोक्याला पत्रकारांनी ‘मोटोरिक’ असे नाव दिले. ते डिंगरला रुचत नसे. तो त्यास लांबलचक सरळ रस्त्याची उपमा देई. पुनरावृत्तीमुळे हे संगीत भारतीय वळणाचे आहे, असे पाश्चात्त्य समीक्षक म्हणतात. ते मान्य करणे कठीण आहे. तालात पुनरावृत्ती असते ती आवर्तनाची. खालीच्या जागी भार कमी होतो, समेची ओढ लागते आणि समेवर येताच श्रोत्याची मान हलते. मोटोरिक ठोक्यात खाली नाही व सम नाही, कारण प्रत्येक आघात सारख्याच महत्त्वाचा आहे. परतण्याचे ठिकाण नसलेली ही गती आहे आणि तिचे सौंदर्यही त्यातच आहे.

याच शहरात राल्फ ह्यूटर (जन्म १९४६) व फ्लोरिआन श्नायडर (१९४७–२०२०) यांनी १९७० मध्ये ‘क्राफ्टव्हेर्क’ची स्थापना केली. पुढे त्यांना येऊन मिळालेला व्होल्फगांग फ्ल्यूर (जन्म १९४७) धातूच्या चकत्यांवर धातूच्या कांड्या टेकवून विजेचे आघात वाजवी. ‘आउटोबान’ (१९७४) या २२ मिनिटांहून अधिक लांबीच्या रचनेचा विषय मोटाररस्ता, तर ‘ट्रान्स-ऑयरोपा एक्सप्रेस’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकरचनेचा विषय आगगाडी. रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचा ठेका १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आल्यापासून या भागातील लोकांच्याही कानात बसलेला आहे. मात्र एकसंध जोडलेल्या रुळांमुळे तो पुढे विरत गेला. १९८१ च्या जागतिक दौऱ्यात क्राफ्टव्हेर्कचा कार्यक्रम मुंबईतही झाला.

पश्चिम बर्लिनमध्ये ठोक्याचे काम क्रमयंत्राकडे (सीक्वेन्सर) गेले. ठरवून दिलेल्या स्वरांची मालिका हे यंत्र न थकता वाजवीत राहते. ‘टँजरिन ड्रीम’च्या ‘फेड्रा’ (१९७४) मध्ये ते क्रिस्टोफर फ्रांके (जन्म १९५३) याने हाताळले. यंत्र तापू लागताच त्याचे स्वर सरकत. ते सरकणे ध्वनिमुद्रणात तसेच राहिले आहे. फ्रांके हा मूळचा तालवादक. क्लाउस शुल्त्स (१९४७–२०२२) हाही तसाच. हात ज्यांचे तालात मुरलेले होते, त्यांनीच ठोका यंत्राच्या स्वाधीन करावा, हे अर्थपूर्ण आहे. मान्युएल ग्यॉट्‌चिंग (१९५२–२०२२) याची १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ई२–ई४’ ही जवळजवळ तासाभराची रचना या परंपरेचा कळस होय.

भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी, या संगीतकारांचे संबंध तुरळक परंतु प्रत्यक्ष स्वरूपाचे आहेत. गेऑर्ग डॉयटर (जन्म १९४५) याने ‘डी’ (१९७१) ही प्रायोगिक ध्वनिमुद्रिका काढल्यानंतर पुण्यातील रजनीश आश्रमात वास्तव्य केले व तेथील ध्यानप्रकारांसाठी संगीत रचले. त्यात लयीची भूमिका साधनेच्या टप्प्यांनुसार ठरते. शरीराच्या हालचालीच्या टप्प्याला ठोका, स्तब्धतेच्या टप्प्याला मौन. विख्यात ठुमरी-गायिका शोभा गुर्टू (१९२५–२००४) यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू (जन्म मुंबई, १९५१) हे तबलावादक जर्मनीत स्थायिक झाले. त्यांच्या ‘उस्फ्रेत’ (१९८८) या ध्वनिमुद्रिकेत मातेचे गायन आहे. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतील चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका जपानी बनावटीच्या ताल-यंत्रावर व संश्लेषकावर वाजवली. ती त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर शिकागोच्या १९८७ नंतरच्या नृत्यसंगीताशी असलेले तिचे साम्य जगाच्या ध्यानी आले. राग कायम ठेवून ताल मात्र डिस्कोचा घेतल्याने तीत आलापाची वळणे आहेत, पण समेची जागा नाही.

यंत्राच्या ठोक्याला भारतीय वळण मिळाले, ते इलेक्ट्रॉनिक तबल्यामुळे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गायनवर्गांत व घरोघरी रियाजासाठी वापरले जाणारे हे उपकरण मात्रा मोजते, समेची खूण दाखवते आणि ठेका आवर्तनातच वाजवते. याउलट याच परिसरातील हळदी समारंभांत व मिरवणुकांत बँजो पथकांनी ऑक्टोपॅडचा स्वीकार केला. तेथे वाजतो तो यंत्राचा आवाज. मारणारा हात मात्र वादकाचाच असतो व वरातीच्या पावलांनुसार तो लय वाढवतो किंवा उतरवतो.

जर्मनीत याच सुमारास ठोक्याच्या मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला. क्राफ्टव्हेर्कच्या १९७७ च्या ‘मेटाल आउफ मेटाल’ या रचनेतील सु. दोन सेकंदांचा लयखंड १९९७ मध्ये एका जर्मन रॅपगीतात परवानगीविना पुनरावृत्त केला गेला. या दोन सेकंदांवरचा दावा जर्मन संघराज्याच्या संविधान न्यायालयात २०१६ मध्ये व युरोपीय संघाच्या न्यायालयात २०१९ मध्ये चर्चिला गेला. कानाला मूळ ध्वनी ओळखू येत असेल, तर अगदी छोट्या लयखंडासाठीही ध्वनिमुद्रण-निर्मात्याची अनुमती आवश्यक ठरते, असे युरोपीय न्यायालयाने म्हटले. देशी तालांच्या नावांवर असा हक्क शार्ङ्गदेवाने सांगितला नव्हता.