माँट्रियलची चंचल मुले

चंचल मूल म्हणजे द्वाड मूल आणि द्वाडपणाला छडी हाच उतारा, असा जो निवाडा शाळा आणि घरे पिढ्यान्‌पिढ्या देत आली, त्याच्या फेरतपासणीत कॅनडातील माँट्रियल शहराचा वाटा फार मोठा आहे. मॅक्गिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली असे प्रतिपादन केले की, या मुलांची अडचण केवळ हातापायांच्या वळवळीत नसून अवधान टिकवण्यात आणि आवेग आवरण्यात आहे. आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी या अवस्थेच्या नावातच अवधान-न्यूनतेला अग्रस्थान दिले, त्यामागे या विचाराचा प्रभाव होता. त्याच शहरातील गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी अशा मुलांचा प्रौढ वयापर्यंत मागोवा घेऊन १९८६ साली ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा वयाबरोबर खोड जाते ही समजूतही निकालात निघाली.

परंतु नुसत्या निदानाने संसार चालत नाही. २००५ साली हायडी बर्नहार्ट यांनी स्थापलेल्या ‘सेंटर फॉर एडीएचडी अवेअरनेस, कॅनडा’ या संस्थेने (एडीएचडी हे याच अवस्थेचे आजचे नाव) अशा मुलांच्या पालकांना आणि ही अवस्था असलेल्या प्रौढांना आधार देण्याचे काम हाती घेतले. मला अत्यंत मोलाचे वाटतात ते या मंडळींनी एकमेकांना सांगितलेले साधे तोडगे: किल्ल्यांसाठी दाराशीच खुंटी, मुदतीच्या कामाचे लहान तुकडे, आणि तुंबलेली कागदपत्रे उपसताना समोर बसलेला एक स्नेही, जो मदत करीत नाही, तगादा लावीत नाही, आपले विणकाम करीत नुसता बसून राहतो.