चेंबर वाचला, तर इंजिन वाचले

खडकाळ वाटेवर वाहन नेताना टायर, दिवे आणि दोरखंड यांचा विचार सगळेच करतात. वाहनाच्या पोटाकडे मात्र पहिला दगड लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनाखाली बसवायचा संरक्षक पत्रा, म्हणजेच स्किड प्लेट, निवडताना काय पाहावे, याची ही माहिती.

पावसाळा ओसरला की पुण्या-मुंबईतील अनेक चारचाकी वाहने सह्याद्रीतील कच्च्या वाटांकडे वळतात. उन्हाळ्यात काहींचा मोर्चा स्पिती आणि लडाखकडे जातो. या वाटांवरील दगडांनी होणारे नुकसान बहुतेक वेळा किरकोळ असते. एका ठिकाणी मात्र ते किरकोळ राहत नाही. ते ठिकाण म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे. पुस्तकी भाषेत त्याला ऑइल संप म्हणतात; गॅरेजमध्ये त्याचे नाव 'चेंबर'. चेंबरला तडा गेला की तेल काही मिनिटांत जमिनीवर सांडते, दाब उतरतो आणि बेअरिंगना वंगण मिळेनासे होते. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असे म्हणून वाहन तसेच चालवले, तर इंजिन जाम होते. जो खर्च एका चेंबरचा असता, तो संपूर्ण इंजिनाचा होतो.

चेंबर फुटलाच पाहिजे असेही नाही. तो ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर तडकतो. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा असेल तर आत दबतो. दबलेला तळ तेल खेचणाऱ्या नळीच्या जाळीला टेकला, तर एक थेंबही न गळता इंजिनाचे वंगण कमी पडू शकते. त्यामुळे धक्का बसल्यानंतर 'गळती नाही' एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरते.

आधी वाहनाखाली पाहावे

पत्रा घेण्यापूर्वी वाहन गॅरेजच्या रॅम्पवर चढवून खालून नीट पाहणे आवश्यक आहे. अनेक वाहनांना कारखान्यातूनच इंजिनाखाली आवरण मिळते. पण पुष्कळदा ते प्लास्टिकचे असते आणि त्याचे काम चिखल-पाणी अडवण्यापुरते असते. दगडाचा आघात पेलण्यासाठी ते बनवलेले नसते. टिचकी मारून आणि कडेची जाडी पाहून हा फरक लगेच समजतो.

त्यानंतर पाहायचे ते जमिनीपासूनचे अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. २०२० मध्ये आलेल्या तीन दारांच्या महिंद्र थारचे हे अंतर २२६ मि.मी., तर २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या मारुती जिम्नीचे २१० मि.मी. इतके जाहीर करण्यात आले. मात्र केवळ या आकड्यावरून वाहन कुठे घासेल ते कळत नाही. समोरचा चढ किंवा पायरी चढताना पुढचा भाग आधी लागतो, तर उंचवटा ओलांडताना दोन चाकांच्या मधले पोट टेकते. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जितके जास्त, तितके पोट लवकर टेकते. तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर २,४५० मि.मी., तर २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये २,८५० मि.मी. आहे. म्हणून लांब वाहनाला इंजिनाबरोबरच गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्याखालील पत्र्याची गरज अधिक असते.

संरक्षणाचा क्रम साधारणपणे असा ठेवावा: प्रथम चेंबर व रेडिएटरचा खालचा भाग, मग गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस आणि त्यानंतर इंधनाची टाकी. डिफरन्शियलचे गणित वेगळे आहे. अखंड अॅक्सल असलेल्या वाहनात तो बहुधा सर्वांत खालचा भाग असतो. त्याखाली जाड पत्रा लावला की तेवढे अंतर कमीच होते. सस्पेन्शन उंच केल्यानेही तो वर जात नाही. त्यासाठी मोठ्या व्यासाचे टायरच लागतात. त्यामुळे तिथे पातळ, घट्ट बसणारे कवच पुरेसे ठरते.

पोलाद की अॅल्युमिनियम?

बाजारात प्रामुख्याने तीन पर्याय आढळतात: साधे पोलाद (एमएस), अॅल्युमिनियमचे मिश्रधातू आणि उच्च रेणुभाराचे टणक प्लास्टिक.

पोलादाची घनता अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट आहे. ३ मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन सुमारे साडेतेवीस किलो भरते, ६ मि.मी. अॅल्युमिनियमचे सुमारे सोळा किलो. सारख्याच जाडीत पोलाद सुमारे तिप्पट ताठ असते हे खरे; परंतु पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. परिणामी ६ मि.मी. अॅल्युमिनियम हे ३ मि.मी. पोलादापेक्षा वजनाला हलके असूनही वाकण्याला सुमारे पावणेतीन पट अधिक विरोध करते.

मग पोलाद कशासाठी घ्यावे? पहिले कारण पृष्ठभागाचे. पोलाद दगडावरून सहज सरकते; अॅल्युमिनियम मऊ असल्याने धारदार खडकात त्याला ओरखडे पडतात, ते अडते आणि सततच्या घासण्याने झिजते. दुसरे कारण दुरुस्तीचे. वाकलेला पोलादी पत्रा घणाने सरळ करता येतो आणि तडा गेल्यास तालुक्याच्या गावातही वेल्डिंग होते. अॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागते आणि ते सर्वत्र मिळत नाही. तिसरे कारण अर्थातच किंमत.

टणक प्लास्टिकचा पत्रा पाण्यापेक्षाही हलका असतो, गंजत नाही आणि खडकावरून उत्तम घसरतो. मात्र सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या पुढे तो वितळू लागतो आणि त्याआधीच मऊ पडतो. त्यामुळे एक्झॉस्टच्या जवळ त्याचा उपयोग नाही.

ज्यांचा प्रवास प्रामुख्याने लांब पल्ल्याचा आहे आणि मधूनमधून कच्चा रस्ता लागतो, त्यांना अॅल्युमिनियम सोयीचे. ज्यांना मुद्दाम खडकांवरून वाहन न्यायचे आहे, त्यांच्यासाठी ३ ते ४ मि.मी. पोलाद योग्य. 'जितका जाड तितका चांगला' हा समज मात्र सोडून द्यावा. पुढच्या बाजूला भरपूर वजन लादले की स्प्रिंग दबतात, वाहन खाली बसते आणि ज्या दगडापासून बचाव करायचा तोच आधी लागतो.

आकार आणि बसवण्याची पद्धत

पत्र्याचे खरे काम वाहनाला दगडावरून घसरत पुढे जाऊ देण्याचे आहे. त्यामुळे पुढची कड वर वळलेली हवी. सरळ कापलेली कड नांगरासारखी जमिनीत रुतते. पत्रा एकाहून अधिक तुकड्यांत असेल, तर पुढच्या तुकड्याची मागची कड मागच्या तुकड्याच्या खाली यावी. क्रम उलटा झाल्यास सांध्यात दगड अडकतो. बोल्टची डोकी खोलगट खाचेत बसलेली असावीत. खाली डोकावणारी डोकी खडकावर घासून झिजतात आणि पुढे पाना लागत नाही.

पत्रा चॅसीला किंवा चॅसीच्या आडव्या पट्टीला बसवावा. इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला कधीही नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असते. शिवाय धक्क्याने पत्रा वाकतो, तेव्हा तो थेट चेंबरवर आदळू नये यासाठी दोहोंमध्ये किमान बोटभर मोकळी जागा लागते. ही जागा न ठेवता बसवलेला पत्रा दगडाचा मार चेंबरपर्यंत पोहोचवण्याचेच काम करतो. चॅसी नसलेल्या, एकसंध बांधणीच्या वाहनात आधाराच्या जागा मोजक्या असतात. तिथे त्या मॉडेलसाठीच बनवलेला पत्रा घ्यावा.

उष्णतेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. खालून पूर्ण बंद केलेल्या इंजिनाला हवा कमी मिळते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार आलेल्या डिझेल वाहनांत काजळी जाळणारा फिल्टर असतो आणि तो चांगलाच तापतो. पत्र्यावर साचलेले वाळके गवत अशा तप्त भागाला लागले तर आग लागू शकते. म्हणून हवेसाठी फटी, चिखल वाहून जाण्यासाठी छिद्रे आणि पत्रा न उघडता तेल बदलता येईल अशी खिडकी या तिन्ही गोष्टी तपासूनच पैसे द्यावेत.

कोकणात वारंवार जाणाऱ्यांनी गंजाचाही विचार करावा. पोलादावर जस्ताचा मुलामा किंवा पावडर कोटिंग हवे. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी बोल्टने बसवल्यास खारट ओलाव्यात दोन धातूंच्या स्पर्शाने अॅल्युमिनियम खाल्ले जाते; मध्ये प्लास्टिकचे वॉशर घालावेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने वाहनांपुढील क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. त्यामुळे पत्रा बंपरच्या पुढे डोकावणारा नसावा. शक्य तेथे वाहन कंपनीच्या अधिकृत सुटे भागांच्या यादीतील पत्रा घ्यावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. तेल गळल्यानंतर वाहन चालवत राहिल्यामुळे बिघडलेले इंजिन हे सर्वसाधारण विम्यात 'आनुषंगिक नुकसान' धरले जाते व त्याची भरपाई मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची स्वतंत्र जोड घ्यावी लागते.

पत्रा लावल्यानंतर

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. प्रत्येक खडतर सहलीनंतर पत्रा उघडून चिखल धुवावा. साचलेला चिखल वजन वाढवतो, गंज चढवतो आणि तेलाची बारीक गळती लपवतो.

वाटेत खालून मोठा आवाज आला, तर थांबून, उतरून वाहनाखाली पाहावे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन त्याच जागी बंद करावे, मग वाट कितीही आडवळणाची असो. गाडी ओढत आणण्याचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे नगण्य असतो. दगडाचा पहिला मार पत्रा झेलतो. त्यानंतर इंजिन वाचवणे चालकाच्याच हाती असते.