बल्खचा विद्वान आणि मनाचे दुखणे

घरात कोणास ताप आला तर आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगतो, डॉक्टरांकडे धाव घेतो. परंतु कॉलेजात जाणारा मुलगा महिनोन्महिने गप्प बसू लागला, किंवा एखादी सून वजू करताना पुन:पुन्हा हातच धूत राहिली, तर दार लावून घेतले जाते. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो ईमान कच्चे. ही समजूत पूर्वजांकडून चालत आली, असे मानणाऱ्या पालकांनी इतिहासाचे एक पान अवश्य पाहावे.

आजच्या अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख शहराजवळच्या एका खेड्यात, इ. स. 850 च्या सुमारास अबू झैद अल-बल्खी यांचा जन्म झाला. वडील मुलांना शिकवणारे मास्तर होते, हे लिहिताना या लेखकास थोडा अभिमान वाटतो! तरुणपणी ते बगदादला गेले आणि तत्त्ववेत्ते अल-किंदी यांच्याजवळ शिकले. हिजरी 322, म्हणजे इ. स. 934 मध्ये ते वारले. जगाने त्यांना ओळखले ते मुख्यत: भूगोलाचे पंडित म्हणून.

त्यांच्या ‘मसालिह अल-अबदान वल-अन्फुस’ या ग्रंथाचा पहिला भाग शरीराविषयी आहे, दुसरा मनाविषयी. वैद्य मंडळी शरीरावरच लिहितात, मनाच्या व्याधींकडे पाहत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. देहाचा आजार न होता एखाद्याचे आयुष्य सरेलही, पण राग, भीती, दु:ख यांतून कोणाचीच सुटका नाही, असे ते सांगतात. अचानक दुखणे आले तर हाताशी असावे म्हणून आपण घरात औषध ठेवतो. तसे बरे असतानाच काही विचार मनात साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला.

मनाच्या व्याधी त्यांनी चार प्रकारांत मांडल्या: क्रोध, भय, दु:ख आणि वस्वसा. दु:खाचे त्यांनी पुन्हा दोन भेद केले. एकाचे कारण माहीत असते, जसे आप्ताचा मृत्यू. दुसऱ्याचे कारण रोग्यालाही सांगता येत नाही. त्याचे मूळ शरीरात असते, म्हणून त्यावर शरीराचेही उपचार हवेत, असे त्यांचे मत. रक्तशुद्धीचे त्यांचे उपाय आज कोणी वापरणार नाही. परंतु अशा माणसाला ‘तुला कमी काय आहे?’ असे विचारणे व्यर्थ आहे, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

भीतीविषयी त्यांचा दाखला विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याने धुके कधी पाहिलेच नाही, त्याला ते दुरून भिंतीसारखे अभेद्य वाटते. आत शिरल्यावर कळते की ही तर हवाच आहे. म्हणून ज्याची भीती वाटते त्याच्या थोडे थोडे जवळ जावे, सवय करावी. वस्वसा जडलेल्याने एकांतात राहू नये, माणसांत मिसळावे, कामात गुंतावे, असेही ते बजावतात.

हा ग्रंथ इस्तंबूलच्या हस्तलिखितांत शतकानुशतके पडून होता. 1984 मध्ये जर्मनीत फ्रँकफर्ट येथे त्याची छायाप्रत छापली गेली, आणि मनाविषयीच्या भागाचे इंग्रजी भाषांतर 2013 मध्ये निघाले. एवढा ठेवा आपल्याला इतक्या उशिरा कळावा!

दरम्यान आपल्या देशात काय घडत होते? 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रयस्थानास पहाटे आग लागली. मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जण मरण पावले. त्यांना तेथे आणणारे बहुतेक त्यांचेच नातलग होते, आणि त्यांच्या मनात वैर नव्हते, आशा होती. दुआ करण्यास कोणाची हरकत नाही. दुआ मागताना औषध का बंद करावे, एवढेच विचारायचे आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारने ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416 असून तेथे मराठीतही बोलता येते.