हलणारं घर

परवा भाच्यानं आम्हाला जुनं घर दाखवलं. म्हणजे कोकणातलं, २०२१ साली पाडलेलं. पाडायच्या आधी त्यानं स्वतः जोडलेल्या एफपीव्ही ड्रोनवरून ते टिपलं होतं. तेव्हा ते चित्रण बघून आईला गरगरलं होतं. अंगण थरथरतंय, माडाचे बुंधे जेलीसारखे वाकतायत...

दोष पोराचा नव्हता. असल्या कॅमेऱ्याचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात मोटरच्या कंपनानं कॅमेरा हलला की सरळ खांब वाकडा!

कॅमेरा स्थिर ठेवायची धडपड जुनीच. गॅरेट ब्राउनचा स्टेडिकॅम १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी'त दिसला. तिथे कॅमेरा माणसाच्या अंगावर, पण चालण्याचे हिसके त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. २०१४ च्या फँटम २ व्हिजन प्लस ड्रोनला तीन अक्षांचा गिंबल होता. एफपीव्हीचं तसं नाही. डोळ्यांवर गॉगल चढवून कोलांट्या मारायच्या, वर आपटायचं (हे फार!), त्यात नाजूक गिंबल टिकणार कसा? म्हणून कॅमेरा सरळ सांगाड्यालाच आवळायचा. मग उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधले गेले. २०१८ च्या गोप्रो हिरो ७ मध्ये हायपरस्मूथ आलं. डीजेआयच्या २०२१ च्या एफपीव्ही ड्रोनमध्ये गिंबल एकाच अक्षाचा, बाकीचं काम इलेक्ट्रॉनिक.

आमच्या भाच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण ड्रोन उडवणाऱ्या सर्किटमध्ये जायरो असतो, आणि त्याची नोंद मेमरीत शिल्लक होती. 'जायरोफ्लो' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद चित्रणाशी जुळवली, की ड्रोन जितका कलला तितकी प्रत्येक चौकट फिरवून तो कल काढून टाकता येतो. फिरवलेल्या चौकटीच्या कडा मात्र कापाव्या लागतात. आणि संध्याकाळच्या कमी उजेडात जे मुळातच फरकटलेलं टिपलं गेलं, ते फरकटलेलंच राहतं.

तरी काय दिसलं म्हणून सांगू! ओटी, झोपाळ्याच्या कड्या, माजघराचं दार, सगळं शांत.

आई म्हणाली, "तुळस कुठाय रे?"

"आजी, ती कडेला होती. कापली गेली."

आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ते आधीचंच लाव. हलणारं."

त्यानं लावलं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत बघितलं.